टोमॅटो खपला नाही, म्हणून सॉस झाला
जपानी कटलेटचा दाट सॉस घरच्या चुलीवर

टोमॅटोचे पीक हाताशी येते तेव्हा ते एकट्या आपलेच येत नाही. शेजारच्या बांधावरचे येते, पलीकडच्या गावचे येते आणि शेजारच्या तालुक्याचेही त्याच आठवड्यात येते. बाजारात गाड्यांची रांग लागते, भाव कोसळतो, तोडणीची मजुरी आणि गाडीभाडे सुटेनासे होते. मग पिकलेला लालभडक माल बांधावर नाही तर रस्त्याच्या कडेला ओतला जातो. आपल्यापैकी पुष्कळांनी हे पाहिले आहे आणि काहींनी स्वतःच्या हाताने केलेही आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, टोमॅटो न खपण्याचे दुःख काही आपल्याच शिवारातले नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी जपानातल्या एका तरुण शेतकऱ्यापुढे हाच प्रश्न उभा होता. त्याने काय केले ते आज सांगायचे आहे. त्याच देशात कटलेटवर ओततात तो गडद तपकिरी, आंबटगोड, दाट सॉस आपल्या स्वयंपाकघरात कसा करावा, तेही सांगायचे आहे. या सॉसचा पाया टोमॅटो, कांदा, गाजर आणि सफरचंद हाच आहे. त्यातली निम्मी जिन्नस तर आपल्याच मळ्यात पिकते.

एका शेतकऱ्याची गोष्ट

जपानच्या आइची प्रांतात इचितारो कानिए नावाचा शेतकरी होता. तो सैन्यात असताना त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला सल्ला दिला की, गावी गेल्यावर परदेशी भाज्या लाव, पुढे त्यांना मागणी येईल. घरी परतल्यावर १८९९ साली त्याने कोबी, कांदा, गाजर अशा भाज्या लावल्या आणि त्यांच्याबरोबर टोमॅटोही लावला. त्या वेळी त्याचे वय पंचविशीच्या आत होते.

बाकीच्या भाज्या हळूहळू खपू लागल्या. टोमॅटोकडे मात्र कोणी पाहीना. जपानी लोकांना त्याचा उग्र वास सोसवेना आणि भडक लाल रंगही आवडेना. माल पिकत होता आणि गिऱ्हाईक नव्हते.

पाश्चात्य देशांत टोमॅटो नुसता कच्चा खात नाहीत, तो शिजवून, गाळून, आटवून वापरतात, हे कानिएच्या कानावर आले. त्याने परदेशी टोमॅटो सॉसचा नमुना मिळवला. तो पाहिला, चाखला आणि घरच्या माणसांना हाताशी धरून तसाच पदार्थ करण्याची खटपट सुरू केली. १९०३ साली त्याचा टोमॅटो सॉस तयार झाला. आज आपण ज्याला टोमॅटोची प्युरी म्हणू तसा तो होता. १९०६ मध्ये त्याने गावातच छोटा कारखाना घातला आणि १९०८ पासून टोमॅटो केचप व वूस्टर सॉसही करू लागला. या धंद्यातूनच 'कागोमे' ही जपानमधली मोठी कंपनी उभी राहिली. कागोमे म्हणजे टोपलीची वीण. टोमॅटो टोपलीत पडून राहिला, त्याचे काय करायचे या विचारातून निघालेल्या धंद्याला हे नाव शोभते खरे! ही कंपनी आजही टोमॅटोचे पदार्थ करते आणि कटलेटचा सॉसही करते.

या गोष्टीतली एक बाब ध्यानात घ्यावी. कानिएने टोमॅटो टाकून दिला नाही, आणि गिऱ्हाइकाला दोषही दिला नाही. कच्चा टोमॅटो आवडत नाही ना, मग कोणत्या रूपात आवडेल, एवढेच त्याने शोधले.

कटलेट जपानात कसे गेले

जपानमध्ये बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे कित्येक शतके चार पायांच्या जनावरांचे मांस खाणे निषिद्ध मानले जाई. १८७२ साली तिथल्या सम्राटाने उघडपणे गोमांस खाल्ले आणि मग पाश्चात्य पदार्थांची वाट मोकळी झाली. टोकियोच्या गिन्झा भागात रेंगातेई नावाचे उपाहारगृह १८९५ मध्ये निघाले. मांसाच्या कापाला मैदा, अंडे आणि पावाचा चुरा लावून भरपूर तेलात तळण्याची पद्धत तिथे रुळली, असे मानतात. सोबत कच्चा कोबी अगदी बारीक चिरून देण्याची चालही तिथलीच. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात हाताखालची माणसे कमी पडली, तेव्हा शिजवलेल्या भाज्यांऐवजी कच्चा कोबी चिरून वाढू लागले, असे सांगतात.

'कटलेट'चे जपानी तोंडी 'कात्सुरेत्सु' झाले आणि पुढे नुसते 'कात्सु' उरले. 'तोन' म्हणजे डुक्कर. म्हणून डुकराच्या मांसाच्या कटलेटला 'तोनकात्सु' म्हणतात. जपानीत 'कात्सु'चा दुसरा अर्थ 'जिंकणे' असा आहे, म्हणून परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आधी मुलांना मुद्दाम कात्सु खाऊ घालतात. आपल्याकडे बाहेर निघताना हातावर दही-साखर ठेवतात, तसेच हे.

मांस न खाणाऱ्यांनी इथेच पान उलटू नये. जपानात हाच सॉस 'कोरोक्के' नावाच्या बटाट्याच्या कटलेटवरही तितक्याच आवडीने घालतात. कोरोक्केची कृती पुढे दिली आहे.

पातळ सॉस दाट कसा झाला

या सॉसचे मूळ इंग्लंडात आहे. तिथल्या वूस्टर गावी ली आणि पेरिन्स या दोघा औषधविक्रेत्यांनी १८३७ च्या सुमारास एक पातळ, आंबट, मसालेदार सॉस विकायला काढला. त्यात व्हिनेगर, काकवी, कांदा, लसूण, मुरवलेले छोटे मासे आणि चिंच असते. होय, आपल्या घरची चिंच! इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावरची ती बाटली चिंचेवाचून पुरी होत नाही.

हा सॉस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात पोचला. जपानी लोकांनी तो आपल्या जिभेप्रमाणे बदलून घेतला. मासे बहुतेक वगळले, फळे आणि भाज्या वाढवल्या, तिखटपणा कमी करून गोडी आणली. पण सॉस पाण्यासारखा पातळ असल्याने कटलेटवर ओतला की ओघळून जाई आणि कुरकुरीत कवच भिजून मऊ पडे. म्हणून १९४८ साली कोबे शहरातल्या ऑलिव्हर सॉस या कंपनीने दाट सॉस बाजारात आणला आणि त्याला 'तोनकात्सु सॉस' हेच नाव दिले. तेव्हापासून कटलेट म्हटले की दाट सॉस, हे ठरून गेले.

आज जपानच्या सरकारी प्रमाणात या सॉसचे दाटपणावरून तीन वर्ग आहेत : पातळ तो वूस्टर, मधला तो 'चुनो' आणि सर्वांत दाट तो 'नोको'. कटलेटचा सॉस नोको वर्गातला. कोबे भागात तर सॉस मुरताना टाकीच्या तळाशी बसणारा मसाल्याचा आणि भाज्यांचा घट्ट गाळसुद्धा 'दोरो' सॉस म्हणून विकतात. दोरो म्हणजे चिखल. नाव चिखलाचे असले तरी लोक तो आवडीने घेतात. वाया काही जाऊ द्यायचे नाही, ही वृत्ती यात दिसते.

हा सॉस टिकतो कशामुळे

कृतीकडे वळण्याआधी थोडे शास्त्र पाहू. कारण समजले म्हणजे हात चुकत नाही.

सॉस टिकतो तो चार गोष्टींच्या जोरावर : आंबटपणा, मीठ, साखर आणि उष्णता. यांत आंबटपणा सर्वांत महत्त्वाचा. आंबटपणा सामू या मापाने मोजतात. सामूचा आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. हा आकडा ४.६ च्या खाली असला म्हणजे हवाबंद बाटलीत वाढणारे अत्यंत विषारी जंतू मूळ धरू शकत नाहीत. पिकलेला टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो. कधी थोडा खाली, कधी थोडा वर. त्यात कांदा, गाजर, लसूण हे कमी आंबट जिन्नस मिसळले की आकडा आणखी वर सरकतो. म्हणूनच या सॉसमध्ये व्हिनेगर आणि चिंच नुसती चवीसाठी नाहीत, ती राखणदार आहेत. आंबट जास्त वाटते म्हणून व्हिनेगर कमी करू नये. हवे तर गूळ थोडा वाढवावा.

दाटपणा येतो तो फळांमुळे. सफरचंदात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो सॉस बांधून धरतो. खजुराचा गर गोडी आणि घट्टपणा दोन्ही देतो. हिरोशिमाकडच्या अशाच एका प्रसिद्ध सॉसमध्येही खजूर घालतात, तेव्हा त्यात आपण काही वेगळे करत नाही.

साहित्य

खालील प्रमाणात साधारण सव्वा लिटर सॉस होतो. चूल, भांडे आणि टोमॅटोच्या रसाप्रमाणे थोडे कमी-जास्त होईल.

पूर्ण पिकलेले लाल टोमॅटो २ किलो, कांदे २५० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, सफरचंद २५० ग्रॅम (मध्यम आकाराची दोन), बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, चिंच ४० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, आले २० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम (तीन सपाट मोठे चमचे), सोया सॉस १०० मिलिलिटर आणि व्हिनेगर २५० मिलिलिटर.

मसाला : काळी मिरी १ लहान चमचा, दालचिनीचा दोन इंचांचा तुकडा, लवंगा ६, तमालपत्र २, जायफळ किसून दोन चिमटी, ओवा पाव लहान चमचा, लाल तिखट अर्धा लहान चमचा.

टोमॅटो गराचे असावेत. रोमा किंवा पंजाब छुहारा यांसारख्या, प्रक्रियेसाठी योग्य असलेल्या लांबट वाणांत गर जास्त आणि पाणी कमी असते, त्यामुळे आटवायला वेळ आणि सरपण कमी लागते. घरात जे असतील ते चालतील, पण हिरव्या देठाकडचे आणि सडके भाग काढून टाकावेत. आकाराने वेडेवाकडे, उन्हाने किंचित तडकलेले, बाजारात दुय्यम ठरणारे टोमॅटो चालतात. बुरशी लागलेले मात्र अजिबात घेऊ नयेत. अर्धा टोमॅटो कुजका असेल तर उरलेला अर्धा चांगला दिसला तरी टाकावा.

सफरचंद आपल्याकडे विकतच घ्यावे लागते. महाग वाटत असेल तर डाग पडलेली, बारकी फळे स्वस्तात मिळतात ती घ्यावीत आणि डागाचा भाग कापून टाकावा.

सोया सॉस म्हणजे सोयाबीन, गहू आणि मीठ आंबवून, महिनोन्महिने मुरवून केलेला काळा रस. जपानी स्वयंपाकाचा तो कणा आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात आपण इतके सोयाबीन पिकवतो, पण त्याचा हा उपयोग आपल्या घरात सहसा दिसत नाही. किराणा दुकानात बाटली मिळते. न मिळाल्यास तो वगळून मीठ १५ ग्रॅम वाढवावे. चव थोडी बदलेल, सॉस बिघडणार नाही.

जपानी सॉसमध्ये थाइम नावाची एक सुवासिक पाने घालतात. ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पण थाइमचा वास ज्या थायमॉल द्रव्यामुळे येतो, तेच आपल्या ओव्यात असते. म्हणून चिमूटभर ओवा तिथे चपखल बसतो.

व्हिनेगर खाण्याचे, बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलेले घ्यावे. तीव्र ॲसेटिक ॲसिड घरात आणू नये.

कृती

१. टोमॅटो स्वच्छ धुऊन फोडी कराव्यात. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून, पाणी न घालता, वीस मिनिटे शिजवावेत. निवले की पुरणयंत्रातून काढावेत. साल आणि बिया वर राहतात, रस खाली येतो.

२. कांदा, गाजर, सोललेले सफरचंद, लसूण, आले आणि खजूर यांचे तुकडे करून एक पेला पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवावेत. निवल्यावर अगदी मुलायम वाटावेत. एकही कण जिभेला लागता कामा नये, म्हणून तेही पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढावे.

३. चिंच अर्धा तास गरम पाण्यात भिजत घालून तिचा दाट कोळ काढावा.

४. मिरी, दालचिनी, लवंग, तमालपत्र आणि ओवा जाडसर कुटून स्वच्छ पांढऱ्या फडक्यात सैलसर पुरचुंडी बांधावी. तिखट आणि जायफळ थेट घालायचे आहे, ते बाजूला ठेवावे.

५. टोमॅटोचा रस, वाटलेला गर आणि चिंचेचा कोळ रुंद पातेल्यात एकत्र करून पुरचुंडी सोडावी. मध्यम आचेवर उकळत ठेवावे. तळाशी लागू नये म्हणून लांब दांड्याच्या लाकडी पळीने ढवळत राहावे. मिश्रण दाटू लागले की बुडबुडे फुटून हातावर उडतात, तेव्हा मुलांना चुलीपासून लांब ठेवावे. सुमारे तासाभराने मिश्रण मूळच्या निम्म्याहून थोडे खाली येईल.

६. आता गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घालावा, कारण गुळात खडे आणि कचरा असतो. मीठ, सोया सॉस, तिखट आणि जायफळ घालावे. आणखी पंधरा मिनिटे शिजवावे. गूळ आधी घातला तर तळाशी लागून करपतो, म्हणून तो शेवटी.

७. पुरचुंडी चमच्याने दाबून, पिळून काढावी. व्हिनेगर घालून पाच मिनिटे उकळावे. व्हिनेगर आधीपासून घातले तर वाफेबरोबर उडून जाते आणि टिकाऊपणा कमी होतो.

८. सॉस झाला की नाही हे पाहण्यासाठी थंड बशीत एक चमचा सॉस घालून बशी तिरपी करावी. सॉस हळू सरकला आणि कडेने पाणी सुटले नाही, म्हणजे झाला. पाणी सुटले तर आणखी थोडा आटवावा. निवल्यावर तो अधिक दाट होतो, म्हणून फार घट्ट करू नये.

रंग टोमॅटो केचपसारखा लाल येणार नाही, तपकिरी येईल. तो तसाच हवा. अधिक गडद हवा असेल तर दोन चमचे साखर कोरड्या कढईत तांबूस होईपर्यंत वितळवावी, जपून थोडे गरम पाणी घालावे आणि तो पाक सॉसमध्ये मिसळावा.

तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात हा सॉस करू नये. आंबटामुळे धातू उतरतो, चव कळकते आणि प्रकृतीलाही ते वाईट.

बाटल्या भरताना

सॉस कितीही चांगला झाला तरी बाटली अस्वच्छ असेल तर सारी मेहनत पाण्यात जाते. काचेच्या बाटल्या आणि झाकणे साबणाने धुवावीत. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडके घालून, बाटल्या थंड पाण्यात उभ्या ठेवून पाणी उकळावे आणि पंधरा-वीस मिनिटे उकळते ठेवावे. गरम बाटलीतच कढत सॉस भरावा. थंड बाटलीत कढत सॉस ओतला की काच तडकते. वर बोटभर जागा सोडून झाकण लावावे.

भरलेल्या बाटल्या पुन्हा पातेल्यात गरम पाण्यात ठेवून अर्धा तास उकळाव्यात. मग बाहेर काढून फडक्यावर, वारा न लागेल अशा जागी निवू द्याव्यात. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहून चिकटवावी.

अशी बंद बाटली थंड, अंधाऱ्या जागी तीन-चार महिने ठेवता येते. आठ-पंधरा दिवस मुरल्यावर मसाला आणि फळांची चव एकजीव होते, म्हणून लगेच न फोडणे बरे. फोडल्यावर शीतकपाटात ठेवून महिन्याभरात संपवावी. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही त्यांनी २०० मिलिलिटरच्या लहान बाटल्या भराव्यात, म्हणजे फोडलेली बाटली दोन-चार दिवसांत संपते. उघडताना फेस आला, झाकण फुगलेले दिसले, बुडबुडे येत असले किंवा बुरशी दिसली, तर चाखूनसुद्धा पाहू नये. वरची बुरशी काढून खालचा सॉस वापरणे घातक आहे.

बटाट्याचे कोरोक्के

अर्धा किलो बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करावेत. एक कांदा बारीक चिरून थोड्या तेलात परतून घ्यावा. त्यात वाफवलेले मटार किंवा किसलेले गाजर, मीठ आणि मिरपूड घालून सर्व मिसळावे. जपानात यात बहुधा खिमा घालतात. शाकाहारी लोकांनी तो अर्थातच घालू नये. हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर यांचा मोह आवरावा, कारण तिखट-आंबट सारे सॉसमध्येच आहे. आतला बटाटा सौम्यच हवा.

लांबट, चपटे गोळे करून ते आधी कोरड्या मैद्यात घोळवावेत, मग फेटलेल्या अंड्यात बुडवावेत आणि शेवटी पावाच्या चुऱ्यात घोळवावेत. अंडे चालत नसेल तर मैद्याचे भज्यापेक्षा किंचित पातळ पीठ भिजवावे. जपानी कटलेटचे कवच इतके खुसखुशीत होते ते चुऱ्यामुळे. आपण शिळा पाव वाळवून पूड करतो. ते लोक पाव भरड किसून चुरा जाडसर ठेवतात. हा जाड चुरा तळल्यावर काट्यांसारखा उभा राहतो आणि सॉस घातला तरी लवकर मऊ पडत नाही.

तेल मध्यम कडक हवे. चुऱ्याचा कण टाकला की तो थोडा खाली जाऊन लगेच वर यावा. आतले सारण शिजलेलेच असते, त्यामुळे सोनेरी रंग आला की काढावेत. एका वेळी दोन-तीनच सोडावेत.

सोबत कोबी केसासारखा बारीक चिरून, दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवून, निथळून घ्यावा. तळणाचा जडपणा तो कमी करतो. जपानातल्या कित्येक उपाहारगृहांत गिऱ्हाइकापुढे लहानसा खल आणि भाजलेले तीळ ठेवतात. ज्याने त्याने तीळ कुटून त्यात सॉस ओतायचा आणि घास त्यात बुडवून खायचा. तीळ आपल्या घरात असतातच. हे एकदा करून पाहावे, सॉसची चव दुप्पट होते.

नेहमीच्या काही शंका

*टोमॅटो केचप असताना हा कशाला?* केचपमध्ये मुख्य चव टोमॅटो आणि साखरेची. या सॉसमध्ये फळे, भाज्या, चिंच आणि मसाला यांची चव असते. तळलेल्या पदार्थाला तो अधिक मानवतो. कांदाभज्यांबरोबर आणि बटाटेवड्याबरोबरही चांगला लागतो.

*घाईच्या वेळी काय करावे?* चार चमचे केचप, दोन चमचे वूस्टर सॉस, एक चमचा सोया सॉस आणि एक चमचा साखर एकत्र ढवळावे. विकतच्या वूस्टर सॉसमध्ये मासे असू शकतात, म्हणून शाकाहारी लोकांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचून घ्यावी. हा झटपट सॉस लगेच संपवायचा असतो.

*मुलांना चालतो का?* चालतो, पण चमचाभर. यात मीठ आणि साखर बरीच असते. घरात रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे माणूस असेल तर त्याने हात आखडता घ्यावा.

थोडा हिशेबाचा विचार

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन किलो टोमॅटोचा सव्वा लिटर सॉस झाला. वीस किलोचा एक क्रेट संपवायला असे दहा घाणे घालावे लागतील. तेव्हा घरच्या चुलीवर सॉस केल्याने पडलेल्या बाजाराचा प्रश्न सुटेल असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. एकरभर टोमॅटोचा निकाल पातेल्यात लागत नाही.

मग यातून मिळते काय? पहिले म्हणजे घरचा वर्षाचा सॉस घरच्या मालात होतो आणि मुलांसाठी दुकानातून आणायच्या बाटल्यांचे पैसे वाचतात. दुसरे म्हणजे गावातल्या दहा-बारा भगिनींचा बचत गट असेल, तर हंगामात एकत्र येऊन करण्याजोगा हा पदार्थ आहे. एकीने टोमॅटो निवडावेत, दोघींनी पुरणयंत्र फिरवावे, एकीने हिशेबाची वही सांभाळावी. वहीत टोमॅटोची किंमत बाजारभावाने लिहावी, घरचा म्हणून फुकट धरू नये. गूळ, मसाला, गॅस, बाटल्या आणि स्वतःच्या श्रमाचे पैसे, सारे मांडावे. त्यावरून एका बाटलीला किती खर्च आला ते कळेल. तो खर्च निघून वर काही उरत असेल तरच विक्रीचा विचार करावा.

विकायचे झाले तर मात्र घरगुती कारभार चालत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे आधी नोंदणी करावी लागते. बाटलीवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरावा हे छापावे लागते. माल प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. विशेषतः आंबटपणा तपासावा, कारण तो जिभेने नेमका कळत नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फळे-भाजीपाला प्रक्रियेचे प्रशिक्षण होते का, याची चौकशी करावी आणि गटातल्या दोघींनी तरी ते घ्यावे.

कानिएनेही पहिल्या दिवशी कारखाना घातला नव्हता. १८९९ साली टोमॅटो लावला, १९०३ साली पहिला सॉस जमला आणि कारखाना उभा राहायला १९०६ साल उजाडले. मधली वर्षे करून पाहण्यात, चाखण्यात आणि पुन्हा करण्यात गेली. आपणही दोन किलोंपासून सुरुवात करावी. पहिला घाणा घरच्यांनी खावा, दुसरा शेजारी द्यावा आणि ते काय म्हणतात ते मोकळ्या मनाने ऐकावे. तिसऱ्या घाण्याचे प्रमाण त्याप्रमाणे ठरवावे. चव हवी तशी बदलावी, फक्त व्हिनेगर कमी करू नये.